पहिल्या मीटिंगला जाण्याआधी: दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी

दारू सोडू पाहणारे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात, अशा मीटिंगच्या दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत आले. पहिल्यांदा माझ्याकडचं वेळापत्रक जुनं निघालं, खोलीला कुलूप होतं. मी ते कुलूपच माझ्या प्रश्नाचं उत्तर मानलं आणि त्या रात्री पुन्हा प्यायले. दुसऱ्यांदा खोलीत दिवे होते, माणसं होती, हसण्याचा आवाजही येत होता. मला वाटलं, आत गेल्यावर फॉर्म भरून घेतील, सगळ्यांसमोर उभं करून ‘रोज किती घेता?’ असं विचारतील. जिन्यातूनच वळले. तिसऱ्यांदा आत जाऊन बसेपर्यंत मध्ये अकरा महिने गेले होते आणि ते मला आणि माझ्या घराला फार महाग पडले.

आत गेल्यावर कळलं की ज्या गोष्टींची भीती होती त्यातली एकही तिथे घडत नाही. उलट ज्याची तयारी हवी होती, त्याचा मी विचारही केला नव्हता. आज मला दारू न पिता आठ वर्षं झाली आहेत. त्या जिन्यात जो कुणी उभा असेल, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी डॉक्टर, मग मीटिंग

हा टप्पा वगळू नका. रोज बरीच दारू घेणाऱ्याने ती एका दिवसात, एकट्याने, घरी बसून बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेयानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न लागणं असा त्रास सुरू होतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. सर्वांत गंभीर अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते: माणूस भ्रमात जातो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ असते.

सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला एक घोट लागत असेल, पूर्वी दारू तोडताना फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय थांबू नका. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. मी अर्धाच सांगितला होता, त्यामुळे मला दिलेली औषधं पुरी पडली नाहीत आणि दुसऱ्या रात्री मला उचलून न्यावं लागलं. घरात कुणाच्या तरी शिल्लक असलेल्या झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. बऱ्याच दिवसांच्या पिण्याने शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी झालेलं असतं. ते भरून न काढल्यास मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.

मीटिंग हा वैद्यकीय उपचार नाही. तिथे डॉक्टर नसतात, औषध मिळत नाही. पण दारू पूर्ण सुटेपर्यंत मीटिंगला यायचं नाही, असंही नाही. उपचार चालू असतानाच जायला सुरुवात केलेली चांगली.

२. गट कोणता

बहुतेकांच्या कानावर आलेलं नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’. सदस्य होण्याची अट एकच: पिणं थांबवण्याची इच्छा. पिणं थांबलेलं असलं पाहिजे असं नाही, इच्छा पुरते. तिथे दारूपासून दूर राहण्यासाठी एकामागून एक करायच्या बारा पायऱ्या, म्हणजे टप्पे, असतात आणि त्यांत ईश्वराचा, आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख वारंवार येतो. या एका गोष्टीवर पुष्कळ जण अडतात. मीही अडले होते. माझ्या गटात श्रद्धाळू होते तसे देव अजिबात न मानणारेही होते. त्यांतल्या एकीने मला सांगितलं, ‘तुझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे सध्या ही खोली समज. एकटीने जमलं नाही, इथे बसून जमतंय का बघ.’ माझं तेवढ्यावर भागलं. नास्तिकांसाठीच्या वेगळ्या एए मीटिंगाही असतात, यादीत तशी खूण असते.

तरीही ही भाषा सोसवतच नसेल तर दुसरे रस्ते आहेत. स्मार्ट रिकव्हरी ही १९९४ मध्ये सुरू झालेली संस्था विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर काम करते. प्रेरणा टिकवणं, तलफ सांभाळणं, विचार-भावना-वर्तन हाताळणं आणि आयुष्याचा तोल साधणं, अशी त्यांची चार सूत्रं. त्यांच्या सभेत प्रशिक्षित संचालक असतो आणि लोक एकमेकांशी मोकळी चर्चा करतात. विमेन फॉर सोब्रायटी (सोब्रायटी म्हणजे दारूपासून दूर राहणं) फक्त स्त्रियांसाठी आहे. लाइफरिंग धर्मनिरपेक्ष आहे. रिकव्हरी धर्मा बौद्ध ध्यानपद्धतीवर आधारलेली आहे.

‘यातलं चालतं कोणतं?’ असं मला सतत विचारलं जातं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांचा आढावा प्रसिद्ध केला. एए आणि माणसाला पद्धतशीरपणे एएकडे नेणारे उपचार यांची इतर प्रस्थापित उपचारांशी तुलना त्यात होती. दारूपासून पूर्ण आणि सलग दूर राहण्याच्या बाबतीत एएची बाजू सरस ठरली, बाकी बाबतींत ती इतरांच्या बरोबरीची होती. म्हणून माझा सल्ला असा: जवळ एए असेल तर सुरुवात तिथून करा, कारण तिथे मीटिंगा सर्वांत जास्त आणि रोज मिळतात. मन रमलं नाही तर दुसरा गट शोधा. दोन्हीकडे जाणारेही पुष्कळ आहेत, त्याला कुणाची ना नाही.

३. मीटिंग शोधणं

संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावरची यादी बघा. एएचं ‘मीटिंग गाइड’ नावाचं मोफत अ‍ॅप जवळच्या मीटिंगा दिवस आणि वेळेनुसार दाखवतं. अनेक शहरांत स्थानिक गटांचं एक सामायिक कार्यालय असतं आणि त्यांचा फोन सदस्यच उचलतात. त्या फोनवर नाव सांगावं लागत नाही.

इथे दोन सापळे आहेत. पहिला माझा स्वतःचा: यादी जुनी असते. गट जागा बदलतात, सुट्टीच्या दिवशी खोली मिळत नाही. निघण्याआधी फोन करून विचारा, ‘आजची मीटिंग आहे ना? दार कुठल्या बाजूला?’ शिवाय त्याच दिवशीची दुसरी एखादी मीटिंग, ऑनलाइन का होईना, हाताशी लिहून ठेवा. मला कुलूप दिसलं तेव्हा दुसरा पत्ता खिशात असता तर ती रात्र वेगळी गेली असती.

दुसरा सापळा जाहिरातींचा. शोधयंत्रात ‘दारू सोडण्यासाठी मदत’ असं टाकलं की वरच्या काही ओळी बहुधा खासगी उपचार केंद्रांच्या असतात आणि तिथला ‘मोफत हेल्पलाइन’ क्रमांक भरती करून घेणाऱ्याकडे जातो. उपचार केंद्राची गरज काहींना खरोखर असते, पण तो वेगळा निर्णय आहे आणि तो डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. मीटिंगसाठी कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर तो सहायता गट नव्हे, तिथून निघा.

यादीतले दोन शब्द नीट वाचा. ‘ओपन’ मीटिंगला कुणीही येऊ शकतं: नातेवाईक, विद्यार्थी, नुसतं बघायला आलेला माणूस. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. तुम्हाला दोन्ही खुल्या आहेत. सोबत कुणाला नेणार असाल तरच ओपन निवडा. केवळ स्त्रियांच्या, तरुणांच्या, समलिंगी व्यक्तींच्या मीटिंगाही बऱ्याच ठिकाणी असतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत शिरणं मला जड जात होतं, म्हणून तिसऱ्या वेळी मी स्त्रियांची मीटिंग निवडली आणि त्यानेच मला आत नेलं.

आणखी एक: दारावर मोठी पाटी शोधू नका. मीटिंगा शाळेच्या वर्गात, प्रार्थनास्थळाच्या तळघरात, रुग्णालयाच्या बाजूच्या खोलीत, सार्वजनिक सभागृहात भरतात. गटाला स्वतःचं एक साधं नाव असतं आणि त्यात बहुतेकदा दारूचा उल्लेखही नसतो. प्रार्थनास्थळात भरते म्हणून ती त्या धर्माची मीटिंग होत नाही, खोली भाड्याने घेतलेली असते.

४. सोबत काय न्यायचं

कागदपत्रं कोणतीही नाहीत. ओळखपत्र नाही, डॉक्टरांची चिठ्ठी नाही, नोंदणी नाही. एए सदस्यांची यादी ठेवत नाही, हजेरीही घेत नाही. तरी हे जवळ असू द्या:

– एक छोटी वही आणि पेन, फोन नंबर उतरवून घ्यायला
– चार्ज केलेला फोन (मीटिंगमध्ये आवाज बंद)
– द्यावंसं वाटलं तर थोडे सुटे पैसे
– न्यायालयाने, नोकरीच्या ठिकाणी किंवा उपचार केंद्राने हजेरीचा पुरावा मागितला असेल तर तो कागद

शेवटच्या बाबीची खबरदारी घ्या. काही गट अशा कागदावर सही देतात, काही देत नाहीत. मीटिंग सुरू व्हायच्या आधी सेक्रेटरीला, म्हणजे गटाची व्यवस्था बघणाऱ्या सदस्याला, बाजूला घेऊन विचारा. संपल्यावर गर्दीत विचारलं तर राहून जातं.

५. त्या एका तासात काय होतं

दहा मिनिटं आधी पोहोचा. उशिरा गेलात तर सगळे वळून बघतील असं वाटत राहतं आणि तेच कारण परत फिरायला पुरतं. दाराजवळची खुर्ची घ्या. बाहेर पडता येईल हे माहीत असलं की आत बसवतं.

मीटिंग साधारण एक तास ते दीड तास चालते. सुरुवातीला कुणीतरी ठरावीक मजकूर वाचतं: आपण कोण, का जमलो, अट काय. मग बहुधा विचारतात, ‘आज कुणी पहिल्यांदा आलं आहे का?’ हात वर करणं सक्तीचं नाही. केलात तर लोक टाळ्या वाजवतील, नाव विचारतील, पुढे काही नाही. फक्त पहिलं नाव सांगायचं, आडनाव नाही.

त्यानंतर शेअरिंग. एकेक जण तीन ते पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कुणी टोकत नाही, उत्तर देत नाही, सल्ला देत नाही. नव्या माणसाला ही शांतता विचित्र वाटते. मला वाटली होती. एक बाई रडत बोलली आणि थांबली, तर खोलीतून फक्त ‘थँक यू’ आलं आणि पुढचा माणूस बोलू लागला. मला ते निष्ठुर वाटलं. नंतर समजलं की याच नियमामुळे ती बोलू शकली. तिच्या घरी ती बोलायला लागली की समोरच्याचं उत्तर तयारच असायचं.

तुमची पाळी आली तर हे वाक्य पुरेसं आहे: ‘माझं नाव अमुक, आज मी फक्त ऐकणार आहे.’ ‘मी मद्यपी आहे’ असं म्हणण्याची सक्ती नाही. मी ते वाक्य पाचव्या मीटिंगमध्ये म्हटलं, तेही पुटपुटत. त्या दिवशी प्यायलेले असाल तरी येऊन बसता येतं. अशा वेळी बोलायचं नाही, ऐकायचं, एवढीच विनंती बरेच गट करतात. गाडी मात्र चालवत येऊ नका.

मध्येच पिशवी किंवा टोपली फिरते. एएचे गट बाहेरून देणग्या घेत नाहीत, खोलीचं भाडं आणि चहा-कॉफी सदस्यांच्या वर्गणीतून निघते. नव्या माणसाने काही टाकण्याची अपेक्षा नसते, टोपली पुढे द्या. बऱ्याच गटांत चोवीस तास, एक महिना, एक वर्ष अशा टप्प्यांना नाणं किंवा चिप देतात. अखेरीस पुष्कळ ठिकाणी उभं राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य आणि दोन्हींतला फरक कळण्याचं शहाणपण, असा तिचा आशय. म्हणायची नसेल तर नुसतं उभं राहिलं तरी चालतं.

इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, हा नियम तुमच्यावरही आहे. ओळखीचं कुणी दिसलं तर ते कुणाला सांगायचं नाही, घरीही नाही. आणि तेही तुमच्याबद्दल सांगणार नाहीत. कायद्याने बांधलेली गोपनीयता ही नव्हे, माणसांनी पाळलेली आहे. म्हणून ज्यातून कायदेशीर अडचण उद्भवू शकते असा तपशील भर मीटिंगमध्ये उघड करू नका. तो वकिलाशी किंवा समुपदेशकाशी बोला.

६. संपल्यानंतरची दहा मिनिटं

या लेखातलं एकच प्रकरण वाचणार असाल तर हे वाचा. पहिले तीन आठवडे मी मीटिंग संपताच पळत होते. शेवटचा शब्द झाला की पर्स उचलायची आणि बाहेर. मीटिंगा झाल्या, उपयोग झाला नाही, कारण तलफ मीटिंगच्या वेळेत येत नाही. ती रात्री अकराला येते, भांडणानंतर येते, पगाराच्या दिवशी येते, आणि तेव्हा खोली बंद असते. त्या वेळी ज्याला फोन करता येईल असं माणूस या दहा मिनिटांत मिळतं.

थांबा. खुर्च्या आवरायला हात लावा. काम हातात असलं की बोलणं सोपं जातं. स्त्री असाल तर स्त्रियांचे, पुरुष असाल तर पुरुषांचे, निदान तीन नंबर घ्या. लोक स्वतःहून देतात. आणि त्यातला एक नंबर दुसऱ्याच दिवशी, तलफ नसताना लावा. ‘काल मीटिंगला भेटलो होतो. फोन करायचा सराव करते आहे,’ एवढं म्हटलं तरी पलीकडच्याला सगळं समजतं. हा सराव नसेल तर खऱ्या गरजेच्या वेळी बोट त्या नंबरवर जात नाही. अनोळखी माणसाला त्रास कसा द्यायचा, असं वाटत राहतं.

त्रास होत नाही, हे पटायला मला एएची सुरुवात कशी झाली ते कळावं लागलं. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात होता. काम फसलं होतं, दारू सोडून काही महिनेच झाले होते आणि हॉटेलच्या लॉबीत उभ्या असलेल्या त्याला बारमधले आवाज ऐकू येत होते. तो बारमध्ये गेला नाही, फोनकडे गेला. चर्चच्या यादीतून नंबर लावत लावत त्याने आपल्यासारखा दुसरा पिणारा शोधला. तो होता डॉक्टर बॉब स्मिथ, शल्यविशारद. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं द्यायचं कबूल केलं होतं, ते दोघे काही तास बोलत बसले. डॉक्टरांनी शेवटचं पेय घेतलं तो दिवस, १० जून १९३५, एएचा स्थापनादिवस मानतात. त्या फोनची गरज डॉक्टरांइतकीच, किंबहुना आधी, बिलला होती. तुम्ही फोन करता तेव्हा पलीकडच्याचाही तो दिवस न पिता जायला मदत होते. आता मला असे फोन येतात, म्हणून हे खात्रीने सांगते.

७. एका मीटिंगवरून निर्णय नको

मीटिंगागणिक हवा बदलते. कुठे सगळे वयस्कर, कुठे नुसतं वाचन, कुठे एकच माणूस बोलत राहतो. माझी दुसरी मीटिंग अशी गेली की पुन्हा येऊ नये असं वाटलं. निदान तीन वेगवेगळ्या गटांत मिळून सहा मीटिंगा करा, मग ठरवा. ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. तो नियम नाही, जुन्या सदस्यांचा सल्ला आहे, पण पहिल्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी जायला एक जागा असणं ही किती मोठी गोष्ट आहे ते मी अनुभवलं आहे. बाहेर पडणं शक्य नसेल तेव्हा ऑनलाइन मीटिंगा जवळजवळ चोवीस तास मिळतात. त्यांत नाव बदलून ठेवा, कॅमेरा बंद चालतो, पण घरच्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून हेडफोन लावा.

८. स्पॉन्सर

स्पॉन्सर म्हणजे बारा पायऱ्यांतून स्वतः गेलेला, बराच काळ न प्यायलेला सदस्य. तो तुमच्यासोबत त्या पायऱ्या करतो. घाईने निवडू नका, पण सहा महिने थांबूही नका. ज्याचं बोलणं ऐकताना ‘याला माहीत आहे’ असं वाटतं, त्याला विचारा. पक्कं ठरेपर्यंत तात्पुरता स्पॉन्सरही मागता येतो.

स्पॉन्सर डॉक्टर नाही, वकील नाही, सावकार नाही. तुमची मानसिक आजाराची औषधं बंद करायला सांगितली तर ऐकू नका. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं घेणं म्हणजे ‘खरी सोब्रायटी नाही’ असं म्हणणारी माणसं भेटतील. सदस्यांनी डॉक्टर बनू नये, अशी एएची स्वतःचीच भूमिका आहे. नव्या माणसाच्या एकटेपणाचा फायदा घेऊन जवळीक साधणारेही क्वचित भेटतात. असं वाटलं की जुन्या सदस्यांपैकी कुणाला लगेच सांगा, गट बदला, आणि ही तुमची चूक आहे असं मानू नका.

९. घसरलात तर

दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जा. ‘आज माझा पहिला दिवस आहे’ म्हणा. मी चौथ्या महिन्यात घसरले आणि लाजेपायी पाच आठवडे गेले नाही. ते पाच आठवडे त्या एका रात्रीपेक्षा वाईट गेले. परत गेले तेव्हा कुणी काही विचारलं नाही, खुर्ची पुढे केली. पण शरीराचं लक्षात ठेवा: मध्ये खंड पडल्यावर पूर्वीइतकी दारू शरीराला झेपत नाही, आणि पुन्हा रोजचं पिणं सुरू झालं असेल तर ती तोडताना पहिल्या टप्प्यातली सगळी काळजी नव्याने घ्यावी लागते.

१०. घरच्यांसाठी

नातेवाइकांसाठी अल-अनॉन आहे. बिलची पत्नी लोइस विल्सन आणि तिची सहकारी यांनी ते १९५१ मध्ये उभं केलं. किशोरवयीन मुलांसाठीचं अलाटीन १९५७ पासून चालू आहे. पिणारा माणूस मीटिंगला जात नसला तरी घरच्यांना तिथे जाता येतं. मी माझ्या नवऱ्याला त्यासाठी गळ घातली नाही. दिवस, वेळ आणि पत्ता एका कागदावर लिहून फ्रिजवर लावला. तो तीन महिन्यांनी गेला.